स्वस्तात वाईन शिकायचीय ना, मग बाटल्या जोडीने घ्या

प्रश्न असा आलाय: "वाईनमध्ये अगदी नवखा आहे. आत्तापर्यंत तीन-चारच प्यायल्यात. एक रेड घेतली तर तोंड आवळून आलं, एक व्हाइट घेतली ती आंबट पाणी वाटली. वेगवेगळे प्रकार बघायचेत पण बजेट लहान आहे. सुरुवात कुठून करू, आणि एकटाच पिणार असलो तर उघडलेली बाटली किती दिवस चालते?"

मी गेली सतरा-अठरा वर्षं वाईन चाखायचं आणि नवीन लोकांना चाखायला शिकवायचं काम करतेय आणि हा प्रश्न मला सतत येतो, आणि विचारणाऱ्याला बहुतेक वेळा दहा नावांची यादी हवी असते. नावं देते, खाली भरपूर आहेत, पण नुसत्या यादीने काही होत नाही हो. दहा बाटल्या दहा वेगवेगळ्या दिवशी प्यायलात की अकराव्या दिवशी डोक्यात "ती बरी होती, ती नव्हती" एवढंच उरतं. त्यापेक्षा दोन बाटल्या एकाच दिवशी उघडा, दोन ग्लास शेजारी शेजारी ठेवा, पहिल्याचा घोट, मग दुसऱ्याचा, मग परत पहिल्याचा. तो परत घेतलेला घोट असतो ना, त्यातच सगळं शिक्षण आहे. एकच वाईन असली की जीभ म्हणते "ठीक आहे", दोन असल्या की जीभ म्हणते "अरे ही त्याच्यापेक्षा आंबट आहे". खर्चाचं म्हणाल तर तीन-चार जण मिळून काढा, ७५० मिलीच्या बाटलीत ५० मिलीचे पंधरा छोटे ग्लास होतात आणि चाखायला तेवढं पुष्कळ आहे.

आता तुमचं तोंड का आवळलं ते बघू. ते टॅनिन. घरी करून बघा, चहाची पूड गरम पाण्यात टाकून आठ-दहा मिनिटं विसरून जा, मग दूध-साखर न घालता एक घोट घ्या. हिरड्या खरखरीत होतात, जीभ गालाला चिकटल्यासारखी वाटते, तोंडातली लाळच कुणी पुसून घेतल्यासारखं होतं. बरोब्बर तेच. द्राक्षाच्या जवळजवळ सगळ्या जातींचा गर बिनरंगाचा असतो, रेडचा रंग येतो सालीतून, त्यामुळे रेड करताना रस सालीसकट आंबवतात आणि सालीबरोबर बियांचं टॅनिनही उतरतं, व्हाइटमध्ये रस आधीच पिळून बाजूला काढतात म्हणून तो तुरटपणा जवळपास नसतोच. लाकडी पिंपातूनही थोडं टॅनिन येतं. म्हणजे तुमची ती रेड वाईट होती असं काही नाही, जाड सालीच्या द्राक्षाची आणि अजून कोवळी असणार.

आणि ती "आंबट पाणी" व्हाइट. त्यासाठी दुसरा प्रयोग. तीन ग्लास पाणी घ्या, तिन्हीत सारखंच लिंबू पिळा, एकात साखर नाही, एकात एक चमचा, एकात तीन. तिन्हीत आंबटपणा तेवढाच आहे पण तिसरा पिताना तो जाणवतही नाही. वाईनमध्ये नेमकं हेच चालतं. आम्ल आणि साखर एकमेकांना झाकतात. त्यामुळे एखादी वाईन गोड लागली नाही म्हणून तिच्यात साखर नाही असं समजू नका, आणि आंबट लागली म्हणून बिघडलीय असंही नाही. एवढी दोन घरगुती सरबतं केलीत तरी अर्ध्या लोकांच्या पुढे आहात तुम्ही, खरंच सांगते.

अजून एक गोची असते ती "फ्रुटी" आणि "गोड" यातली. मी शिकत होते तेव्हा एका परीक्षेत एका व्हाइटच्या कागदावर छाती ठोकून "गोड" लिहून आले, नाकात नुसता लिचीचा आणि गुलाबाचा वास भरला होता हो, वाईन निघाली ठणठणीत ड्राय, म्हणजे साखर जवळपास नसलेली. द्राक्ष होतं गेवुर्त्झट्रामिनर, त्याचा वासच तसा. तेव्हापासून एक युक्ती करते, नाक चिमटीत धरून घोट घ्यायचा. नाक बंद केल्यावर गोडी गायब झाली तर तो वास होता, राहिली तर साखर आहे. दिसायला येडपट दिसतं पण चालतं.

आता पैशाचं. स्वस्त बाटलीत तुम्ही काच, बूच, लेबल, वाहतूक आणि कर यांचेच जास्त पैसे देता, आतल्या वाईनचे कमी, कारण हे वरचे खर्च स्वस्त बाटलीला काय नि महाग बाटलीला काय साधारण तेवढेच पडतात. म्हणून अगदी तळाच्या किमतीवरून एक पायरी वर गेलात तर वाढलेल्या पैशातला मोठा भाग वाईनमध्ये जातो, पण त्यानंतर बऱ्याच वर गेलात की पैसे जातात ते जमिनीच्या भावात, नवीन पिंपात आणि नावात. नेहमीचं ओकचं पिंप २२५ लिटरचं असतं, त्यात साधारण ३०० बाटल्या बसतात, आणि नवीन पिंप महाग असतं, तर तो खर्च स्वस्त बाटलीवर कसा बसणार? नाहीच बसत. मग ओकच्या चिपा नाहीतर फळ्या टाकीत सोडतात आणि वाईनला व्हॅनिला-भाजलेल्या खोबऱ्यासारखा वास येतो पण तो वरवर तरंगतो, मुरलेला नसतो. माझा नियम सोपा आहे: लहान बजेटमध्ये अशी वाईन शोधायची जिचा स्वभावच ताजी, साधी, पिंपाशिवाय प्यायची आहे. श्रीमंतांची नक्कल करणारी स्वस्त वाईन घेऊ नका. आणि नावाला फार भुलू नका हेही आहेच, १९७६ साली पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या वाईन विक्रेत्यांनी झाकलेल्या बाटल्यांची चाचणी ठेवली होती, परीक्षक फ्रेंच, आणि रेड आणि व्हाइट दोन्ही गटांत नामांकित फ्रेंच वाईनना मागे टाकून पहिली आली कॅलिफोर्नियाची वाईन. तेव्हा कॅलिफोर्नियाला कोण विचारत होतं!

तर जोड्या. पहिली जोडी व्हाइटची: सॉव्हिनियॉन ब्लाँ आणि शार्डोने. सॉव्हिनियॉन ब्लाँ न्यूझीलंडच्या मार्लबरोची घ्या, कारण तिथली इतकी ठळक असते की नाक जवळ नेण्याआधीच कळते, कापलेलं गवत, हिरवी मिरची, पॅशनफ्रूट, आणि चरचरीत आंबट. शेजारी शार्डोने ठेवा, शक्यतो पिंपात थोडी राहिलेली. शार्डोने हे तसं गरीब स्वभावाचं द्राक्ष, स्वतःचा वास फारसा नाही, बनवणारा जे करेल ते दिसतं. त्यात लोणी-दुधासारखा वास येतो तो एका जिवाणूमुळे, तो सफरचंदातलं कडक आम्ल मोडून दुधातलं मऊ आम्ल करतो आणि ते करता करता लोण्याच्या वासाचा एक पदार्थ तयार होतो. घोट तोंडात असतानाच बघा, पहिली कडेकडेने लाळ सुटवत पळते, दुसरी जिभेवर बसते. ही जी "बसते" भावना आहे तिला आम्ही बॉडी म्हणतो. पाणीदार दूध आणि सायीचं दूध यात जो फरक तोच.

या जोडीत तुम्हाला सॉव्हिनियॉन आवडली तर पुढे मस्काडे, विन्यो व्हर्दे, पिकपूल या हलक्या, आंबटसर व्हाइटच्या वाटेने जा. मस्काडे फ्रान्सच्या नाँतजवळची, अटलांटिकच्या काठची, लेबलवर "स्यूर ली" लिहिलेलं बघून घ्या म्हणजे ती हिवाळाभर मेलेल्या यीस्टच्या गाळावर ठेवलेली असते आणि त्यामुळे पातळ असूनही पोकळ लागत नाही. विन्यो व्हर्दे उत्तर पोर्तुगालची, हलकी, बऱ्याचदा जिभेवर किंचित बुडबुडे, अल्कोहोलही कमी. नाव "हिरवी वाईन" असं असलं तरी रंग हिरवा नसतो, मला दर वेळी कुणीतरी विचारतंच. या तिन्ही वाईन्सना जगात फार मान नाही आणि म्हणूनच त्या परवडतात. शार्डोने आवडली तर फ्रान्सच्या माकोँ भागातली शोधा, बर्गंडी या महागड्या भागातलीच पण मोठ्या नावाच्या गावांच्या दक्षिणेला आहे म्हणून भाव कमी. आणि दोन्हीच्या मधली हवी असेल तर दक्षिण आफ्रिकेची शेनिन ब्लाँ. हे मी हक्काने सांगते, व्हाइटमध्ये पैसा वसूल म्हणजे शेनिन. मूळची फ्रान्सच्या लुआरची पण आता दक्षिण आफ्रिकेत जगात सगळ्यात जास्त लागवड आहे, आंबटपणा भरपूर, वर पिकलेलं सफरचंद आणि थोडा मधाचा वास, आणि साधी बाटलीसुद्धा सहसा दगा देत नाही.

दुसरी जोडी मला सगळ्यात आवडते, दोन्ही रीझलिंग या व्हाइट द्राक्षाच्या. एक ड्राय, एक थोडी गोड. लेबल वाचता आलं नाही तरी अल्कोहोलचा आकडा बघा. साखर आंबली की अल्कोहोल होतं, साधारण लिटरमागे १७ ग्रॅम साखर खर्ची पडली की १ टक्का. म्हणजे जर्मन रीझलिंगवर ८ किंवा ९ टक्के लिहिलंय तर बरीचशी साखर आंबायची राहिलीय, गोडसर असणार, आणि १२ च्या वर असेल तर बहुतेक ड्राय. "ट्रोकन" हा शब्द दिसला तर ड्रायच. आता दोन्ही चाखा आणि ते लिंबाचे तीन ग्लास आठवा. गोड असलेली तुम्हाला गुळचट लागणारच नाही, कारण खाली आम्ल इतकं ताठ उभं आहे की साखर त्याच्यावर टेकून बसते. "मला गोड वाईन आवडत नाही" म्हणणारे कितीतरी लोक या जोडीला गप्प झालेले बघितलेत मी. जुन्या रीझलिंगमध्ये कधी कधी चक्क पेट्रोलचा वास येतो, घाबरू नका, ती खराब झालेली नसते.

रेडकडे येऊ. तुमचं तोंड आवळलं होतं म्हणून जोडी अशी: एक फ्रान्सची बोजोले, एक कॅबरने सॉव्हिनियॉन. बोजोलेचं द्राक्ष गामे, आणि तिथे बऱ्याचदा घड न चुरडता अख्खेच टाकीत भरतात, कार्बन डायऑक्साइडमध्ये द्राक्षाच्या आतूनच आंबणं सुरू होतं, त्यामुळे सालीतलं टॅनिन फार उतरत नाही. चेरी, रासबेरी, कधी कधी केळ्याचा वास. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी जी "नुव्हो" येते तिच्या मागे लागू नका, "व्हिलाज" लिहिलेली घ्या, आणि थोडे पैसे जास्त असतील तर मोर्गों किंवा फ्लरी, ही बोजोलेतल्या खास भागांची नावं आहेत, अशी दहा आहेत. कॅबरने म्हणजे अगदी उलटं टोक, लहान दाणा, जाड साल, काळा रंग, टॅनिनच टॅनिन. एक गंमत सांगते, या धिप्पाड काळ्या कॅबरनेची एक बाजू चक्क आपल्या मघाच्या सॉव्हिनियॉन ब्लाँची आहे, कॅबरने फ्राँ नावाचं दुसरं रेड द्राक्ष आणि सॉव्हिनियॉन ब्लाँ यांचा हा संकर, १९९७ मध्ये कॅलिफोर्नियात डीएनए तपासून कळलं. दोन्हीत ती हिरव्या मिरचीची झाक येते ती उगीच नाही. स्वस्तात कॅबरने चिलीची बरी मिळते. एकदा बोजोले मग कॅबरने असा घोट घेतलात की टॅनिन म्हणजे काय हे मला पुढे कधी समजवावं लागणार नाही. आणि कॅबरनेबरोबर थोडं चीज खाऊन परत घोट घ्या, तीच वाईन मऊ लागेल, कारण टॅनिनला लाळेतल्या प्रथिनांऐवजी धरायला दुसरं काहीतरी मिळतं.

मधल्या रेड खूप आहेत, भराभर सांगते. मर्लो मऊ. मालबेक अर्जेंटिनाची, जांभळी, गुबगुबीत, नवख्यांना पटकन आवडते. चिलीची कारमनेर पण बघा, तिची गोष्टच मजेशीर आहे, चिलीवाले कित्येक वर्षं तिला मर्लो समजून विकत होते, १९९४ मध्ये फ्रेंच तज्ज्ञ झाँ-मिशेल बुर्सिको यांनी वेल बघून सांगितलं की ही वेगळीच आहे. स्पेनची गार्नाचा, म्हणजेच फ्रान्सची ग्रनाश, कालातायुद किंवा काम्पो दे बोर्खा अशा कमी गाजलेल्या भागातली घ्या, जुन्या वेली आहेत आणि भाव चढलेले नाहीत. फ्रान्समधून कोत द्यू रोन, त्यातही मुख्य ग्रनाशच. इटलीची मोंतेपुलचानो द'अब्रुत्सो, इथे जरा सांभाळून, मोंतेपुलचानो हे द्राक्षाचंही नाव आहे आणि टस्कनीतल्या एका गावाचंही, आणि त्या गावाची "व्हिनो नोबिले" सांजोवेझे द्राक्षाची असते, दोघींचा काही संबंध नाही. अशी दोन नावांची भानगड वाईनमध्ये पावलोपावली आहे, सिराह आणि शिराझ एकच, पिनो ग्रीजो आणि पिनो ग्री एकच, झिनफांडेल आणि प्रिमितिव्हो एकच. पण नाव बदललं की बहुतेक ढंगही बदलतो, ऑस्ट्रेलियाची शिराझ आणि फ्रान्सच्या रोनची सिराह ही एक जोडी कधीतरी जरूर करा.

मुरलेली रेड कमी पैशात चाखायची असेल तर मला एकच नाव सुचतं, स्पेनची रिओहा. तिथे लेबलवर "क्रियान्सा" लिहायचं तर रेड किमान दोन वर्षं ठेवावी लागते, त्यात निदान एक वर्ष ओकमध्ये, "रेसेर्व्हा"ला तीन वर्षं. म्हणजे थांबायचा खर्च त्यांनी केलेला असतो, तुम्ही नुसतं बूच काढायचं.

बुडबुड्यांमध्ये स्पेनची कावा आणि इटलीची प्रोसेक्को शेजारी ठेवा. प्रोसेक्कोचे बुडबुडे मोठ्या टाकीत तयार होतात, वास नाशपतीचा, ताजा. कावाचे बाटलीतच, शॅम्पेनच्याच पद्धतीने, आणि किमान नऊ महिने गाळावर, म्हणून त्यात थोडा पावाचा वास येतो. शॅम्पेन परवडत नाही असं म्हणत बसण्यापेक्षा कावा किंवा फ्रान्सचीच क्रेमाँ घ्या. आणि एक सापळा आहे, "एक्स्ट्रा ड्राय" ही "ब्रूट"पेक्षा गोड असते! ब्रूटमध्ये लिटरला १२ ग्रॅमपर्यंत साखर, एक्स्ट्रा ड्रायमध्ये १२ ते १७. कुणी ठेवली ही नावं देव जाणे.

काय घेऊ नका तेही सांगते. सुरुवातीला स्वस्त पिनो न्वार नको. पातळ सालीचं, नखरेल द्राक्ष, कमी खर्चात नीट पिकतच नाही, आणि तुम्ही उगीच ठरवाल की पिनो म्हणजे लाल पाणी. इटलीच्या पिएमाँत भागातल्या बारोलो या रेडचंही तसंच, स्वस्त बारोलो दिसली तर मी स्वतःच दचकते, पिएमाँतचीच बार्बेरा घ्या त्याऐवजी, आंबट, रसाळ, टॅनिन कमी, तुम्हाला जमेल. सान्सेर नाव महाग आहे, तीच सॉव्हिनियॉन ब्लाँ त्याच लुआर भागातल्या तूरेनची घ्या.

आता ज्याला काही खर्च नाही पण सगळे चुकतात ती गोष्ट, तापमान. "रेड रूम टेंपरेचरला" हे ज्या काळातलं वाक्य आहे त्या काळात युरोपातल्या खोल्या गार असायच्या. जड रेड १६ ते १८ अंश, म्हणजे उकाडा असेल तर प्यायच्या आधी वीस-पंचवीस मिनिटं फ्रीजमध्ये टाकाच, नाहीतर नुसतं अल्कोहोल नाकात जातं. बोजोले अजून गार, १२-१४. व्हाइट ८ ते १२, पण फ्रीजमधून थेट ओतली की वास झोपलेला असतो, म्हणून ग्लासात दहा मिनिटं थांबा. तुमची "पाणी" लागलेली व्हाइट अति गार होती अशी मला दाट शंका आहे. ग्लास एकच प्रकारचा चालेल, वर निमुळता होणारा, आणि तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरू नका, फिरवायला जागा पाहिजे.

दोन चार बाटल्या एका वेळी चाखणार असाल तर थुंका. आम्ही सगळे थुंकतो, कुणाला त्यात कमीपणा वाटत नाही. १३ टक्क्यांच्या एका बाटलीत जवळपास ७७ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं, आणि तिसऱ्या ग्लासानंतर सगळ्याच वाईन छान लागतात, त्यातून शिकणार काय?

आणि एखाद्या बाटलीला ओल्या पुठ्ठ्याचा, तळघरातल्या दमट वर्तमानपत्राचा वास आला तर तो तुमचा दोष नाही आणि त्या द्राक्षाचाही नाही, बुचातून आलेल्या टीसीए नावाच्या रसायनाचा आहे. घेतली तिथे परत करा, न लाजता. म्हणूनच मी नवख्यांना स्क्रू कॅपची घ्या म्हणते, ती स्वस्ताईची खूण वगैरे काही नाही, हा धोका जवळपास जातो आणि ओपनरचाही खर्च वाचतो.

उघडलेल्या बाटलीचं राहिलं. रेड असो की व्हाइट, झाकण लावून फ्रीजमध्ये, उभी. व्हाइट तीन ते पाच दिवस, रेड तीन-चार, बुडबुड्यांची एक-दोन दिवस आणि तीही दाबून बसणारं खास झाकण असेल तर, चमचा उलटा खोचून ठेवायचं खूळ सोडा, त्याने काही होत नाही. वाईनला मारतो तो बाटलीतल्या मोकळ्या जागेतला ऑक्सिजन, म्हणून एकटे असाल तर ३७५ मिलीची एखादी रिकामी, धुतलेली बाटली ठेवा आणि नवीन बाटली उघडली की लगेच अर्धी तिच्यात काठोकाठ भरून झाकण लावून टाका, ती आरामात आठवडाभर टिकते. मग पुढच्या आठवड्यात दुसरी उघडाल तेव्हा शेजारी ठेवायला ही आहेच.